सुंठ कपाळावर, दुखणं मानेत

पत्र:

'मॅडम, मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. वय ४४. सतरा वर्षं ब्लाउज शिवते, घरातच पुढच्या खोलीत मशीन आहे. दोन वर्षांपासून डोकं दुखतं, आणि दरवेळी उजवीच बाजू. मानेवर जिथून वेणी सुरू होते तिथून कळ निघते, कानामागून वर चढते आणि उजव्या भुवईवर येऊन बसते. आठवड्यातून तीन-चार दिवस, लग्नसराईत तर रोज. एका डॉक्टरांनी पित्त सांगितलं, दुसऱ्यांनी सायनस. चष्मा बदलून झाला, आता वर लांबचा आणि खाली जवळचा असा दोन नंबरचा आहे. मग एक्स-रे काढला. पाचव्या-सहाव्या मणक्यातला गॅप कमी झालाय, मणका झिजलाय, असं त्यात आलं. गळ्याचा पट्टा दिला. तो घालून मशीनवर बसता येत नाही आणि काढला की मान आणखी जड वाटते. मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणते, एक घेतली की दुपार निघते. पित्ताची गोळी सकाळी वेगळी. पाळीच्या आधी एक-दोन दिवस मात्र डोकं निराळंच दुखतं. ठणकतं, मळमळतं, उजेड नको होतो. स्कूटीवर उजवीकडे वळून मागे बघता येत नाही, त्यात त्या बाजूचा आरसाही तुटलाय. सासूबाई म्हणतात, शेजारच्या गावात एक जण मान मोडून देतो, एका झटक्यात मोकळं वाटतं, जाऊन ये. हे डोकं खरंच मानेमुळे दुखतं का? पट्टा जन्मभर घालायचा का? आणि मशीन बंद करावं लागेल का? घर त्यावर चालतं.'

उत्तर:

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा पेन्सिल हातात घेऊन, कारण निम्मी तपासणी तुम्हीच करून पाठवली आहे. कळ कुठून निघते, कुठल्या वाटेने चढते आणि कुठे मुक्काम करते, हे इतकं नेमकं सांगणारी माणसं कमी भेटतात. बहुतेक जण कपाळावरून हात फिरवतात नि म्हणतात, 'सगळंच दुखतं.' तुम्ही शिवणकाम करता म्हणून असेल, खडूने रेघ ओढावी तशी वाट आखून दिलीत.

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी. हो, मानेमुळे डोकं दुखतं, आणि तुमचं बरंचसं दुखणं तिथलंच असावं असा मला दाट संशय आहे. संशय म्हणते, निदान म्हणत नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि पत्रातून मान हाताला लागत नाही. पण एक्स-रेत जे दिसलं त्यामुळे डोकं दुखतंय, असं मात्र मला वाटत नाही. या दोन वेगळ्या गोष्टींची कुणीतरी गाठ मारून दिली आणि तीच गाठ घेऊन तुम्ही फिरताय.

मानेत सात मणके. सगळ्यात वरच्यावर कवटी बसलेली. आपण 'हो' म्हणून मान डोलावतो ती मुख्यतः कवटी आणि पहिल्या मणक्यामधल्या सांध्यातून. 'नाही' म्हणून हलवतो ती पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यामधून. मान जेवढी वळते त्यातलं साधारण निम्मं वळणं या एकट्या सांध्यात होतं. आता या वरच्या भागातल्या तीन नसा दुखण्याची खबर घेऊन मज्जारज्जूच्या वरच्या टोकाशी पोचतात. कपाळ, डोळा, भुवई यांची खबर आणणारी चेहऱ्याची जी मोठी नस आहे, तिचे धागेही खाली उतरून नेमके तिथेच येतात. दोघींची खबर पुढे मेंदूकडे जाते ती एकाच वाटेने.

तुमच्याच धंद्यातलं सांगते. दोन गिऱ्हाइकांचे एकाच रंगाचे ब्लाउजपीस एका पिशवीत आले आणि आत चिठ्ठी नाही. कुठला कुणाचा? तुम्ही अंदाजाने ठरवता, आणि जी बाई नेहमी येते तिचाच असेल म्हणता. मेंदूही तसंच करतो. कपाळाच्या आणि डोळ्याच्या बातम्यांची त्याला जास्त सवय, म्हणून मानेच्या सांध्यातून आलेली कळ तो भुवईच्या नावावर लिहून टाकतो. भुवईला काही झालेलं नसतं. पण दुखतं तिथेच, आणि खरंच दुखतं. त्यात कल्पनेचा भाग नाही.

माझी आई डोकं दुखलं की सहाणेवर सुंठ उगाळायची आणि कपाळावर जाड लेप देऊन, वरून फडकं करकचून बांधून स्वयंपाकाला लागायची. लेप वाळून पापुद्रे आमटीत पडतील की काय अशी आम्हाला धास्ती. तासाभराने ती एक हात मागे नेऊन, फडक्याच्या गाठीखाली, अंगठ्याने मानेची खोबण दाबायची. दाबताना डोळे मिटायची. हा व्यवसाय शिकल्यावर मला कळलं की औषध ती कपाळाला लावत होती आणि दुखणं अंगठ्याने शोधत होती.

या प्रकाराला सर्व्हायकोजेनिक हेडेक म्हणतात, मानेतून उपजलेली डोकेदुखी. हे नाव १९८३ मध्ये ओतार स्यास्ताद या नॉर्वेच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी दिलं. त्याआधीही लोकांची डोकी मानेमुळे दुखतच होती, पण त्यांना वेगळं घर मिळालं ते तेव्हा. तुमच्या पत्रातल्या ज्या ओळींखाली मी पेन्सिलीने रेघ मारली त्या अशा: दुखणं मानेतून सुरू होतं, कपाळातून नाही. दरवेळी उजवीच बाजू, कधी डावी नाही. मान घालून काम वाढलं की वाढतं. आणि स्कूटीवर उजवीकडे मान वळत नाही. ही शेवटची ओळ तुम्ही आरशाच्या तक्रारीत जाता जाता लिहिलीत, पण माझ्या लेखी पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तीच. एक्स-रेपेक्षाही.

याची तपासणी साधी असते. तुम्हाला उताणं झोपवून फिजिओथेरपिस्ट तुमची हनुवटी छातीकडे पूर्ण वाकवतील. त्यामुळे खालचे मणके जवळपास जखडले जातात आणि वळणं फक्त वरच्या त्या सांध्यातून होतं. मग तशीच मान हलकेच एकेका बाजूला वळवतील. निरोगी माणसात ती प्रत्येक बाजूला साधारण ४४ अंश वळते. ३२-३३ अंशांच्या अलीकडेच अडकली, आणि अडकताना तुमची ओळखीची कळ भुवईपर्यंत आली, तर संशय बळावतो. त्याच वेळी बोटाने दुसऱ्या-तिसऱ्या मणक्याजवळ उजवीकडे दाबून बघतील. तिथला छोटा सांधा या दुखण्यात फार वेळा गुन्हेगार निघतो. हे घरी कुणाला करायला सांगू नका. नवऱ्याला तर नाहीच, ते प्रेमाने जास्त वळवतील.

आता दुसरी बाजू, कारण तुमच्या पत्रात दोन डोकेदुख्या आहेत. पाळीच्या आधीची ती ठणकणारी, मळमळ आणणारी, उजेड नको करणारी वर्णनावरून अर्धशिशी वाटते, म्हणजे मायग्रेन. तीही अर्ध्याच डोक्यात असते म्हणून हे नाव, आणि मानेची डोकेदुखीही अर्ध्याच डोक्यात, म्हणून गोंधळ. अर्धशिशी बऱ्याच जणांत कधी उजवीकडे तर कधी डावीकडे येते, चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत टिकते, जिना चढलं तरी वाढते. तिच्या झटक्यात मानही दुखते, आणि हे डॉक्टरसुद्धा कधी कधी विसरतात. नुसती मान दुखली म्हणून डोकं मानेमुळेच दुखतंय असं होत नाही. चाळिशीनंतर पाळीचं चक्र डळमळायला लागलं की अशी अर्धशिशी जोर धरू शकते. तिच्यावर मानेचे व्यायाम पुरत नाहीत, वेगळी औषधं असतात आणि ती चांगली लागू पडतात. त्यासाठी फिजिशियन किंवा मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा आणि पाळीचा संबंध आवर्जून सांगा. संकोचाने आपण नेमकं तेच गिळतो.

पित्ताबद्दल काय बोलू! आपल्याकडे डोकं दुखून उलटी झाली आणि मोकळं वाटलं की 'पित्त पडलं' म्हणतात. ती उलटी बऱ्याचदा अर्धशिशीचाच भाग असते; पित्तामुळे डोकं दुखलं असं नसतं, डोक्याच्या दुखण्यामुळे पोट ढवळलेलं असतं. सायनसचंही तसंच. नाकातून घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड नाही, ताप नाही, नाक चोंदलेलं नाही, आणि तरी दोन वर्षं सायनस? मला पटत नाही.

आणि तुमच्या बाबतीत आणखी एक चक्र फिरत असण्याची शक्यता आहे. सकाळी पित्ताची गोळी का लागते? दुपारच्या दुखण्याच्या गोळीने पोटात जळजळते म्हणून असेल का? पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांपैकी काही लिहिलंय का बघा. ही औषधं पोटाचं अस्तर सोलतात, वर्षानुवर्षं घेतली तर मूत्रपिंडालाही जड जातात.

पण त्याहून मोठी गोष्ट गोळ्यांच्या दिवसांची आहे. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा त्याहून जास्त दिवस, अशी तीन महिन्यांच्या वर चालली, तर ती गोळीच डोकं दुखवायला लागते. दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी असेल तर १० दिवसही पुरतात. सकाळी डोकं जड घेऊनच उठायचं, गोळी घ्यायची, असर उतरला की पुन्हा दुखायचं. माणसाला वाटतं दुखणं वाढलं, म्हणून गोळी वाढते. लग्नसराईत तुमचं 'रोज' झालंय त्यात कामाचा वाटा किती आणि गोळीचा किती, हे आज मला सांगता येणार नाही. तुम्हालाही नाही. म्हणून एक करा: कालनिर्णयवर दुधाचा हिशेब लिहिता ना, त्याच चौकोनात गोळी घेतलेल्या दिवशी छोटा गोल काढा, मानेतून दुखलं तर 'मा' आणि ठणकलं तर 'ठ' लिहा. पाळीचे दिवस तुम्ही खूण करतच असाल. महिन्याने ते पान फाडून डॉक्टरांपुढे ठेवा. माझ्या अनुभवात दोन हजारांच्या तपासण्यांपेक्षा ते पान जास्त बोलतं. गोळ्या कमी करायच्या त्या डॉक्टरांना विचारूनच, कारण थांबवल्यावर आधी काही दिवस, कधी आठवडा-दोन आठवडे, डोकं जास्त दुखतं आणि माणूस घाबरून पुन्हा पाकीट फोडतो. हा काळ लग्नाच्या तारखा नसतील तेव्हाचा निवडा.

एक्स-रेकडे येते. पाचवा-सहावा मणका हा मानेचा खालचा भाग. तिथली नस दबली तर कळ साधारणपणे खांद्याकडे, दंडावरून अंगठ्याकडे उतरते, हाताला मुंग्या येतात. डोक्याकडे खबर नेणाऱ्या नसा वरच्या तीन. म्हणजे रिपोर्टमधला मणका आणि तुमची भुवई यांचा फारसा शेजारही नाही. शिवाय झीज हा शब्द ऐकून जेवढी भीती वाटते तेवढा तो मोठा नाही. जपानमध्ये मानेचा काहीही त्रास नसलेल्या १,२११ लोकांचं एमआरआय काढून बघितलं, तर ८७ टक्क्यांहून जास्त जणांच्या मणक्यांमधल्या गाद्या बाहेर फुगलेल्या निघाल्या. विशी-तिशीतल्यासुद्धा बहुतेकांच्या. त्यांना कुणी पट्टा दिला नाही, कारण त्यांना दुखतच नव्हतं. चाळिशी उलटलेल्या बाईच्या मानेत थोडी झीज म्हणजे केसात दोन पांढरे. 'तुमचा मणका झिजलाय' हे वाक्य मात्र मणक्यापेक्षा जास्त नुकसान करतं असं माझं मत झालंय. ते ऐकलेली माणसं मान जपायला लागतात, वळवेनाशी होतात, आणि न वळवलेली मान खरोखर आखडते.

पट्ट्याचं हेच. मार लागल्यानंतर किंवा ऐन जोरात दुखत असताना डॉक्टरांनी थोडे दिवस दिला तर ठीक. जन्मभर नाही, महिनोन्‌महिनेही नाही. पट्टा डोकं तोलून धरतो, मग मानेतले आतले छोटे स्नायू सुटीवर जातात. काढल्यावर मान जड वाटते ती त्यामुळे. आणि पट्टा घालून स्कूटी तर अजिबात नको.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि हे वाचून दाखवा. मान मोडून घ्यायला जाऊ नका. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांना कडेने असलेल्या भोकांतून ओवल्यासारख्या वर चढतात आणि सगळ्यात वरच्या मणक्याशी एक तीव्र वळण घेऊन कवटीत शिरतात. तुमचा सांधा अडलाय तो नेमका याच वळणाजवळ. तिथे अचानक पिळा दिला तर धमनीचं आतलं अस्तर फाटू शकतं, तिथे गुठळी धरते, आणि ती वर गेली की पक्षाघात. क्वचित होतं, हे कबूल. शंभर जण 'कडाक' आवाज ऐकून हसत घरी गेले असतील. पण ज्याला होतं त्याला तो झटका परत घेता येत नाही. कडाक हा आवाजही काही बसवल्याचा नसतो, सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी झाल्याचा असतो, आणि मोकळं वाटणं संध्याकाळपर्यंत ओसरतं. सलूनमध्ये चंपी झाल्यावर हनुवटी धरून जो झटका देतात त्यालाही हेच लागू. तुमच्या यजमानांना आणि मुलाला सांगून ठेवा: चंपी करा, हनुवटीला हात लावू देऊ नका.

शिकलेल्या हातांनी हळूहळू सांधा हलवणं ही वेगळी गोष्ट आहे. तिचा उपयोग होतो, आणि व्यायामाची जोड दिलेली बरी. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ग्वेंडोलिन जल आणि सहकाऱ्यांनी मानेच्या डोकेदुखीच्या २०० रुग्णांवर याची पारख केली: काहींना हाताने उपचार, काहींना व्यायाम, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. सहा आठवडे उपचार. हातांनीही गुण आला, व्यायामानेही आला, आणि वर्षानंतर मोजलं तेव्हाही टिकून होता. यात मला सगळ्यात आवडतं ते हे, की तो व्यायाम बघणाऱ्याला काहीच वाटणार नाही इतका छोटा आहे.

तो असा. गादीवर नको, सतरंजीवर उताण्या झोपा. गुडघे उभे. डोक्याखाली टॉवेलची एक पातळ घडी, कपाळ आणि हनुवटी एका पातळीत येतील एवढीच. आता डोकं न उचलता, कुणाला तरी चोरून 'हो' म्हणावं इतकी हनुवटी हलकेच गळ्याकडे न्या. डोक्याची मागची बाजू टॉवेलवर केसभर वर सरकेल, बस. दहा आकडे मोजा, श्वास चालू ठेवा, सोडा. असं दहा वेळा, दिवसातून दोनदा. करताना दोन बोटं गळ्याच्या पुढच्या बाजूला ठेवा. कानामागून छातीच्या हाडाकडे येणारे ते दोन जाड दोर मऊच राहिले पाहिजेत. ते टणक झाले म्हणजे तुम्ही जास्त जोर लावताय आणि ज्यांना जागं करायचंय ते आतले स्नायू तसेच झोपलेत. पहिल्या आठवड्यात दहापर्यंत टिकणार नाही. पाचवर थांबा. कळ भुवईपर्यंत आली तर त्या दिवशी थांबा. याला जोडून खांद्याची पाती मागे-खाली आणायचा व्यायाम लागतो, आणि टॉवेलने मान वळवण्याचा एक फार उपयोगी प्रकार आहे. पण तो एकदा समोर बसूनच शिकावा, कागदावरून शिकवला की हमखास चुकतो. सांगली-मिरजेच्या रुग्णालयांत फिजिओथेरपी विभाग आहेत. महिनाभर रोज जाऊन शेक आणि करंट घेण्यापेक्षा पाच-सहा वेळा जा आणि दर वेळी व्यायाम तपासून घ्या. सहा आठवडे मनापासून करून फरक नसेल, तर तज्ज्ञ त्या सांध्याजवळच्या नसेला इंजेक्शनने बधिर करून दुखणं तिथलंच का हे पडताळू शकतात. ती पुढची पायरी. आज तिचा विचार नको.

मशीन विकू नका. जागा बदला. तुमची बैठक मला डोळ्यांसमोर दिसते, कारण शिवणकाम करणाऱ्या कित्येक जणी माझ्याकडे येतात: पाठीची कमान, मान पुढे, आणि दोन नंबरच्या चष्म्याच्या खालच्या काचेतून सुई बघायला हनुवटी थोडी वर. म्हणजे खालची मान वाकलेली आणि वरची मान मागे मोडलेली, आणि त्या मोडीतच तो सांधा. मशीनवर बसल्यावर स्वतःच्या टेपने डोळ्यापासून सुईपर्यंतचं अंतर मोजा. तो आकडा चष्म्याच्या डॉक्टरांना सांगा आणि तेवढ्या अंतराचा, एकाच नंबरचा, फक्त शिवणासाठी वेगळा चष्मा करून घ्या. साधी फ्रेम चालते. माझ्या सगळ्या सल्ल्यांत हा बहुधा सगळ्यात लवकर लागू पडेल.

कटिंग जमिनीवर पसरून करत असाल तर टेबलावर घ्या. टेबल नसेल तर दिवाणावर. हुक-काजं आणि हातशिलाई मांडीवर उशी घेऊन त्यावर ठेवून करा, म्हणजे काम डोळ्याकडे येईल, डोळ्याला कामाकडे जावं लागणार नाही. सगळे ब्लाउज आधी शिवून मग सगळ्यांना एकदम हुक लावायचे, ही तुमच्या धंद्यातली पद्धत मला माहीत आहे. वेळ वाचतो, मान मरते. एक शिवा, हुक लावा, उठून इस्त्री करा, मग पुढचा. 'ताठ बसा' असं मी मुद्दाम सांगत नाही. ताठ बसूनही तीन तास हललं नाही तर तेच होतं. मान वाकवली की डोक्याचा भार २७ किलो होतो असा मेसेज तुम्हालाही आला असेल. तो आकडा २०१४ मधल्या अमेरिकेच्या एका शल्यचिकित्सकांच्या गणिती मांडणीतला आहे, कुणाच्या मानेत काटा लावून मोजलेला नाही. मान वाकवायलाच केलेली आहे, तिला फक्त एकाच जागी बांधून ठेवू नका. उशी एकच, खांदा आणि कान यांमधली जागा भरेल एवढी. महागडी सर्व्हायकल पिलो घ्यायची गरज नाही. जुनी साडी घडी करून उशीच्या खोळीत घातली तरी उंची जमवता येते.

काही खुणा मात्र अशा आहेत की माझं हे सगळं पत्र बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आयुष्यात कधी दुखलं नव्हतं असं डोकं क्षणात फुटल्यासारखं दुखलं. तापासोबत मान ताठ झाली. मार किंवा झटका बसल्यावर मानेत नवीन, तीव्र कळ आली. एका डोळ्याची पापणी उतरली, एकाचं दोन दिसायला लागलं, बोलणं अडखळलं, तोल गेला, हात-पाय लुळा वाटला. पहाटे डोकं दुखून उलटी होते आणि दिवसेंदिवस वाढत चाललंय. हातातून सुई, बटण निसटायला लागलं आणि चालताना पाय अडखळतात, म्हणजे मज्जारज्जूवर दाब असू शकतो. आणि सासूबाईंसाठी एक: पन्नाशीनंतर पहिल्यांदाच डोकं दुखायला लागलं, कानशील दाबून दुखतं, घास चावताना जबडा भरून येतो, तर दृष्टीला धोका असू शकतो, थांबू नका. तुमच्या पत्रात यातलं काही नाही. रक्तदाब मात्र एकदा मोजून घ्या, दोन वर्षांत तो कुणी बघितल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही.

आणि स्कूटीचा आरसा. मान उजवीकडे पुरती वळायला निदान दीड-दोन महिने जातील. तोवर तुम्ही मागचं न बघता उजवीकडे वळताय, ब्लाउजच्या पिशव्या हँडलला लावून. पत्र मिळाल्याबरोबर गॅरेजला जा आणि आरसा बसवून घ्या. व्यायाम संध्याकाळी सुरू केला तरी चालेल.